एकसष्टावा कोट

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक 'बिनचूक' म्हणू लागले तर त्यात नवल नाही. पण मास्तरांना ते नाव मनापासून पटलेलं होतं. दवाखान्यातल्या परिचारिका, हॉटेलातले वाढपी, लिफ्ट चालवणारे, शाळांची पोरं, सगळ्यांच्या अंगावर त्यांच्या हातचे कपडे होते आणि कुठल्याही दोन कपड्यांत उजवंडावं करता येत नव्हतं. कोट शिवून झाले की ते दांडीवर ओळीने लावायचे, दांडीच्या टोकाला जाऊन उभं राहायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. चाळीस कोटांचा मिळून एकच कोट दिसला पाहिजे, ही त्यांची परीक्षा. एखाद्या बाहीनं रांगेबाहेर नाक काढलं, की तो कोट खाली उतरलाच.

"माणसं वेगवेगळी असतात, तो त्यांचा प्रश्न," ते म्हणायचे. "कपडा एक असला पाहिजे."

मग मालक थकले, मोठ्या यंत्रांपुढे निभाव लागेना, आणि एका शुक्रवारी दुपारी कारखाना बंद झाला. मास्तर आपली कात्री, टेप आणि खडूची डबी घेऊन घरी आले. पुढचे तीन आठवडे त्यांनी घर सरळ करण्यात घालवले. पडद्यांची खालची पट्टी उसवून पुन्हा घातली. उशांच्या खोळी एका मापाच्या केल्या. बायकोच्या पर्सचा पट्टा दोनदा काढून दोनदा लावला. बायको दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. एका संध्याकाळी ती दमून घरी आली, तर हे खुर्चीत बसून तिच्याकडे डोळे बारीक करून बघतायत.

"अहो, माझ्याकडे तसं बघू नका," ती म्हणाली. "मी कुठे उसवलेली नाहीये."

त्याच रात्री जेवताना तिनं आपल्या भावाला फोन लावला. हा भाऊ सिनेमाच्या एका युनिटची व्हॅन चालवायचा आणि आपणच सिनेमा चालवतो अशा थाटात बोलायचा. "भाऊजींना पाठव," तो म्हणाला. "आमच्या ताईंना कोट हवेत. साठ. सगळे सारखे."

हे ऐकून मास्तरांनी घास तोंडात तसाच ठेवला. साठ, आणि सगळे सारखे. त्यांना वाटलं, देवानं पत्ता विचारत विचारत आपलं घर शोधून काढलं.

ताई म्हणजे सिनेमाच्या दिग्दर्शिका. वय पन्नाशीच्या आसपास, केस आखूड, अंगात बारा महिने तेच तपकिरी जाकीट, आणि आवाज इतका हळू, की बोलायला लागल्या की समोरचे आपोआप पुढे झुकत. त्यांचे आधीचे चार सिनेमे होते. ते फारसे कुणी बघितलेले नव्हते, पण ज्यांनी बघितले होते ते त्यांच्याविषयी तासन्‌तास बोलत. शूटिंग एका बंद पडलेल्या बल्बच्या कारखान्यात होतं. आत लांबलचक टेबलं, वर धुळीनं माखलेल्या काचा, भिंतीवर हजेरीच्या कार्डांचे रिकामे कप्पे. गोष्ट साधी होती. बल्ब तपासणाऱ्या साठ बायकांत एक नवी बाई कामाला लागते आणि तिचं तिथं काही केल्या जमत नाही. तिचं काम करणाऱ्या मुलीला युनिटमध्येही सगळे 'नवी'च म्हणत.

"साठ कोट राखाडी-निळे," ताई म्हणाल्या. "अगदी सारखे."

"होऊन जातील."

"आणि एकसष्टावा नवीचा. त्याच कापडाचा, त्याच बेताचा. पण न बसणारा."

मास्तर पुढे झुकले. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे मोठा?"

"नाही."

"लहान?"

"नाही. न बसणारा."

साठ कोट मास्तरांनी अकरा दिवसांत हातावेगळे केले. दांडीच्या टोकाला उभं राहून डोळा मिटला, एकच कोट दिसला, मन तृप्त झालं. एकसष्टाव्यानं मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. पहिला त्यांनी दोन मापं मोठा केला. नवीनं तो घातला आणि मेकअप करणाऱ्या मुली फिदीफिदी हसल्या. "हसू येतंय," ताई म्हणाल्या, "हसू नकोय." मग त्यांनी तो आखूड केला, मनगटं उघडी पडली. ताईंनी बराच वेळ बघितलं. "आता कीव येतेय. कीवही नकोय." तिसऱ्या खेपेला मास्तरांचं डोकं फिरलं आणि त्यांनी नवीच्या अंगाला चोख बसेल असा कोट शिवला. एकदा चांगली वस्तू डोळ्यांसमोर आली की बाईंचे डोळे उघडतील, असा त्यांचा हिशेब.

"हा फार छान बसलाय," ताई म्हणाल्या.

"होय ना!"

"म्हणून तर नको."

मास्तर कोट काखोटीला मारून कपड्यांच्या खोलीत परतले. ही खोली म्हणजे पूर्वीचं माल ठेवायचं कोठार. त्यांनी नवं कापड पसरलं, खडू उचलला, आणि ताई मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या. त्या नुसत्या बघत राहिल्या. मास्तरांच्या हातून खडू निसटला. त्यांनी तो झटकन उचलला, एक रेघ ओढली, मग हात बदलला आणि पुढची रेघ ओढली.

"मास्तर, तुम्ही डावरे?"

"होतो," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी तो किस्सा सांगितला. कारखान्यात तो सगळ्यांच्या आवडीचा होता. एकोणिसाव्या वर्षी ते दुसऱ्या गावाहून कामाला लागले. चाळीस माणसांच्या टेबलावर सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या. डाव्या हातात धरली की कापड कापायच्या ऐवजी चावायची. मुकादम म्हणाला, एक तर हात बदल, नाहीतर आम्ही माणूस बदलतो. मग काय, वर्षभर उजव्या हाताला फोड, जेवताना चमचा नाकात, सही करायची तर स्वतःचंच नाव परक्याचं वाटायचं. इथं ऐकणारे पोट धरून हसत. ताई हसतील म्हणून मास्तर थांबले.

ताई हसल्या नाहीत. "आणि मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? झालो सगळ्यांसारखा."

ताईंनी मान हलवली आणि निघून गेल्या. मास्तर पुन्हा कापडावर वाकले. किस्सा सांगताना आपलं कुठं चुकलं, ते त्यांना कळेना. तीस वर्षांत तो किस्सा असा कधी आपटला नव्हता.

चौथा कोट मात्र जमला, आणि जमला तोही वैतागातून. कच्ची शिलाई घालून त्यांनी तो नवीच्या अंगावर चढवला आणि डाव्या खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे सरकवून टाचण्या लावल्या. कॉलर मागून जराशी उचलली. कामाला लागून आठवडा झालेला माणूस करतो ती चूक. लांबून बघणाऱ्याला नक्की काय बिनसलंय ते बोट ठेवून सांगता येणार नाही, पण काहीतरी बिनसलंय एवढं दिसेल. नवी दहा पावलं चालून परत आली. चालताना तिचा हात तीनदा खांद्याकडे गेला. तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"हा," ताई म्हणाल्या. एवढंच.

मास्तरांनी तो पक्का शिवला. शिवताना त्यांचे कान तापले होते. आपण लपूनछपून काही वाईट काम करतोय असं वाटून त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं.

शूटिंग सुरू झालं. मास्तरांचं काम कपड्यांच्या खोलीपुरतं, पण तिसऱ्या दिवशी कॅमेरामननं त्यांना हाक मारली. हा उंच, कमी बोलणारा गडी. छातीपर्यंत आलेल्या दाढीमुळे त्याला सगळे दाढीवाला म्हणत. "मास्तर, या, तुमचे कोट बघा." त्यानं त्यांना पडद्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवला होता आणि जागचा हलत नव्हता. समोरून डावीकडून उजवीकडे बायका निघाल्या, कामाची पाळी सुरू होते तशा. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. माना पडद्याच्या वरच्या कडेला कापलेल्या. दिसत होते फक्त कोट. खांद्याला खांदा, बाहीला बाही. "माझे!" मास्तर खुशीनं म्हणाले. अजून वीस गेले. अजून वीस. कानात साठ जणींच्या चपलांचा मिळून एकच आवाज येत होता, धान्य ओतल्यासारखा. मास्तरांची खुशी हळूहळू ओसरली. हे काय आहे? हे आपणच शिवलंय ना? मग बघताना छातीवर दडपण का येतंय?

एवढ्यात उजवीकडून नवी आली. उलट्या दिशेनं, एकटी, आणि कॅमेऱ्यापासून लांब असल्यानं तिचा मात्र चेहरा पूर्ण दिसत होता. बाकीच्या तिच्या अंगाला न लागता पुढून निघून जात होत्या. सगळ्यांचा आवाज मागे पडला आणि तिच्या चपला तेवढ्या स्वच्छ ऐकू यायला लागल्या. तिचा हात खांद्याकडे गेला.

"ताईंचं हे असंच असतं," दाढीवाला म्हणाला. "गर्दीला चेहरा द्यायचा नाही, एकट्याला द्यायचा. गर्दी एका बाजूला, एकटा दुसऱ्या. माणूस नेहमी चौकटीच्या कडेला, बाजूला मोकळी भिंत. कुणाच्या तोंडी एक वाक्य न घालता कळलं पाहिजे, की ही इथली नाही. आणि हेही कळलं पाहिजे, की ही कुणासारखी नाही."

"मग वाईट कोण? ती का बाकीच्या?"

"वाईट कुणीच नाही."

"मग माझे कोट असे भीतीदायक का दिसतायत?"

दाढीवाल्यानं दाढीत बोटं घातली, बराच वेळ खाजवलं आणि म्हणाला, "मास्तर, चहा घेणार?"

घरी आल्यावर त्यांनी हा प्रश्न बायकोला विचारला. ती मोजे वाळत घालत होती.

"तुम्ही चांगले शिवलेत म्हणून दिसत असतील."

"म्हणजे चांगलं शिवलं की भीती वाटते?"

"मला काय विचारता? मी केसपेपर देते."

मास्तर त्या रात्री आडवे झाले, पण डोक्यात कोट चालतच राहिले. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते या बाईंनी न कापता, न उसवता, नुसता कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवून उलटं करून दाखवलं होतं. आणि जी चूक केली म्हणून त्यांनी स्वतः एखाद्याला हाकलून दिलं असतं, तिच्याकडे बघून मात्र जीव तुटत होता. यातलं खरं कुठलं? दोन्ही खरं असेल तर आपण एकतीस वर्षं काय करत होतो? उत्तर मिळालं नाही, झोप मात्र लागली.

शेवटचा दिवस जवळ आला. त्या दिवशी सिनेमातला शेवटचा प्रसंग होता, आणि कारखान्याची परवानगीही त्याच संध्याकाळपर्यंत होती. दुसऱ्या दिवसापासून इमारत पाडायला घेणार होते. आदल्या दिवशी ताईंनी सगळ्यांना जमवून प्रसंग समजावून सांगितला. सकाळची हजेरी. सगळ्या बायका रांगांत उभ्या, कॅमेरा मागे. एकीचाही चेहरा दिसणार नाही, नवीचाही नाही. नुसत्या पाठी. लांबवर घंटा होईल, आणि त्याच चित्रावर सगळ्यांची नावं यायला लागतील. काम केलेल्या प्रत्येकाचं नाव.

"माझंही?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं सुरुवातीलाच," ताई म्हणाल्या. "कोट दिसत असतानाच."

हे ऐकून मास्तरांना घाम फुटला. नाव येणार म्हणून नव्हे, तर कुठं येणार म्हणून. आजवर त्यांचं नाव कशावरच आलं नव्हतं. कॉलरच्या आतल्या चिठ्ठीवरही मालकाचं नाव असायचं. आता पहिल्यांदाच लोक ते वाचणार, आणि वाचताना समोर काय असणार? पाठी. साठ सरळ आणि एक वाकडी. जुने मालक बघतील. टेबलावरचे सोबती बघतील. म्हणतील, बिनचूक म्हातारा झाला, खांदा चुकला गड्याचा. चेहरा दिसतो तेव्हा ती चूक चालून जाते, कारण लोक चेहरा बघतात. पण इथं चेहराच नाही. मग वाकड्या खांद्याचा उपयोग तरी काय? मास्तरांनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि त्यांना आपलं म्हणणं चोख वाटलं.

सकाळी ते सगळ्यांच्या आधी कोठारात गेले. एकसष्टावा कोट उलटा केला, डावा खांदा उसवला, अर्धा इंच मागे नेला, कॉलर बसवली, इस्त्री फिरवली. चाळीस मिनिटांचं काम. नवीनं कोट चढवला आणि म्हणाली, "अय्या, मास्तर, आज काय हलकं वाटतंय!" मास्तरांनी खाली वाकून तिच्या कोटावर नसलेला दोरा उचलला.

दहा वाजता रांगा उभ्या राहिल्या. ताई पडद्यासमोर बसल्या. दाढीवाल्यानं कॅमेरा सुरू केला. पाठी, पाठी, पाठी. ताई पुढे झुकल्या.

"नवी कुठाय?"

"तिसऱ्या रांगेत," कुणीतरी म्हणालं.

"मला दिसत नाहीये."

नवीनं हात वर केला. "बरं," ताई म्हणाल्या. हात खाली आला आणि ती पुन्हा हरवली. ताईंनी तिला दुसऱ्या रांगेत आणली. मग कडेला. कॅमेरा पुढे नेला, मागे नेला, खोक्यावर चढवला. दोनदा लेन्स बदलली. प्रकाश सरकत होता तसतशा बायका सरकवल्या. ऊन माथ्यावर आलं, जेवणं उशिरा झाली, कुणाचंच बोलणं धड होईना. "काहीतरी गेलंय," ताई स्वतःशीच म्हणत होत्या. "होतं आणि गेलंय." त्यांनी दाढीवाल्याला विचारलं, त्यानं खांदे उडवले. नवीला विचारलं, "तू काही वेगळं करतेयस का?" नवी रडायच्या बेतात आली. "मी तर नुसती उभी आहे, ताई."

मास्तर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. अर्धा इंच! अर्ध्या इंचानं एक अख्खी बाई नाहीशी होते? चेहरा झाकला, आवाज काढून घेतला, दिशा काढून घेतली, तरी त्या अर्ध्या इंचावर ती एवढे दिवस उभी होती, आणि आपण तो सरळ केला. साडेतीनच्या सुमाराला त्यांच्यानं राहवेना. ते पुढे झाले.

"ताई, मी केलं ते."

"काय केलंत?"

"खांदा. सरळ केला सकाळी."

वरच्या काचेवर एक पाखरू आपटत होतं, त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"का?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"बघवेना माझ्याच्यानं," मास्तर म्हणाले. "आणि पुढे माझं नाव. उसवतो मी, अर्ध्या तासात होता तसा करतो. आत्ता करतो." त्यांनी नवीच्या अंगातून कोट काढून घेतला, तिथंच जमिनीवर मांडी घातली आणि उसवणीची सुई शिवणीत घातली. दोन टाके निघाले.

ताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. थोडा वेळ कोटाकडे बघितलं, थोडा वेळ रांगांकडे.

"मास्तर, थांबा. राहू द्या."

"अहो, होईल अर्ध्या तासात!"

"नको. असाच घेऊ."

"असा? म्हणजे सरळ? पण ती दिसणार नाही!"

"हो," ताई म्हणाल्या. "दिसणार नाही."

मास्तरांनी काढलेले दोन टाके पुन्हा घातले. चारच्या पिवळ्या उन्हात तो प्रसंग एकदाच घेतला गेला. त्यात नवी कुठं उभी होती ते मास्तरांनाही ओळखता आलं नाही. युनिट सामान आवरू लागलं. जाताना ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. आपल्याला माफ केलं की निरोप दिला, याचा उलगडा मास्तरांना झाला नाही.

आठ महिन्यांनी सिनेमा एका छोट्या सभागृहात दाखवला गेला. मास्तर जायला तयार नव्हते; बायकोनं सुट्टी काढली, भावाला व्हॅन आणायला लावली आणि नवऱ्याला इस्त्रीचा सदरा चढवून बसवलं. पडद्यावर बायका डावीकडून उजवीकडे गेल्या, नवी उजवीकडून आली, हात खांद्याकडे गेला. शेजारी बायको सरसावून बसली. शेवटी पाठी आल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांचं नाव येऊन गेलं होतं.

"आलं का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आलं. अगदी स्वच्छ," बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मग दिवे लागले, आणि ताई पुढे खुर्चीवर बसल्या. लोक प्रश्न विचारू लागले. एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, शेवटी सगळ्याच पाठी सरळ, म्हणजे तिचाही कोट सरळ झालाय, हे बघून मला रडू आलं; बाकीच्यांनी तिला आपल्यासारखी करून टाकली, संपवली. मागून चष्मा लावलेला एक तरुण म्हणाला, छे, उलट आहे, ती शेवटी सुखी झाली; तिला आपली माणसं मिळाली, आता खांदा टोचत नाही. तिसऱ्या एका गृहस्थांनी दोघांनाही मोडीत काढलं. ते म्हणाले, ती तिथं नाहीच, ती केव्हाच निघून गेलीय. मी पाठी मोजत होतो, पण नावं आडवी आली. सभागृहात गलका झाला. सगळे खांद्याविषयीच भांडत होते. मास्तर खुर्चीत खाली खाली सरकत होते.

"ताई, तुम्हीच सांगा," शिक्षिका म्हणाल्या. "तो कोट सरळ का केलात?"

ताई पुटपुटल्या आणि सगळे पुढे झुकले. "मी नाही केला. ज्यांनी केला त्यांनी का केला, ते मला अजून नीट कळलेलं नाही."

लोकांना वाटलं, हे कोडं आहे. ते मान डोलावू लागले. एवढ्यात मास्तरांची बायको उठून उभी राहिली. केसपेपरच्या खिडकीवरून लांबच्या लांब रांगेला ऐकू जाईल असा तिचा आवाज.

"ह्यांनी केला! हे बसलेत ना, ह्यांनी!"

साऱ्या माना वळल्या. कुणीतरी माईक आणून मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या.

"पाठ वाकडी दिसत होती," ते म्हणाले. "म्हणून सरळ केली."

मग मागून कुणीतरी हळूच "वा!" म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. शिक्षिका टाळ्या वाजवत होत्या, तो तरुणही वाजवत होता, आणि दोघंही एकमेकांकडे जिंकल्यासारखं बघत होते. मास्तर माईक धरून तसेच उभे. आपण नक्की काय बोललो, हे विचारावं असं त्यांना फार वाटत होतं, पण कुणाला विचारायचं?

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी ताईंना गाठलं. "ताई, खरं सांगा. मी सिनेमा बिघडवला का?"

ताई जाकिटाच्या खिशात हात घालून उभ्या होत्या. "माझा जो होता तो बिघडवलात," त्या म्हणाल्या. "हा जो झालाय तो माझ्या मनात नव्हता. त्या दिवशी तुम्ही जमिनीवर बसून उसवायला लागलात ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की तिला सरळ करणारा माणूस दुष्ट नसेलही. त्याला तिची काळजीही असेल. ते मी चार सिनेमांत कधी दाखवलं नव्हतं. पण ते बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालाही कळलं नाही?"

"नाही."

मास्तरांना हे ऐकून बरं वाटलं की वाईट, तेही सांगता येईना. घरी जाताना व्हॅनमध्ये मेहुणा एकटाच बोलत होता.

त्यानंतर ताईंच्या पुढच्या दोन सिनेमांचे कपडे मास्तरांनीच शिवले. मधल्या काळात घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक यंत्र टाकलं आणि गल्लीतल्या लोकांचे कोट, सदरे दुरुस्तीला घेऊ लागले. गणवेशात कधी दिसलं नव्हतं ते आता रोज टेपखाली यायला लागलं. कुणाचेच दोन खांदे सारखे नसतात. एक कमी, एक जास्त. एक पुढे, एक मागे. सुरुवातीला ते आतून पट्टी घालून गुपचूप बरोबरी करून टाकत. आता त्यांना विचारल्यावाचून राहवत नाही.

परवा औषधांच्या दुकानातले एक काउंटरवाले आले, लेकीच्या लग्नासाठी कोट शिवायला. मास्तरांनी माप घेतलं.

"तुमचा उजवा खांदा बोटभर खाली आहे."

"अरे बाप रे. असं कशानं?"

"असतो एकेकाचा. लपवू, का राहू देऊ?"

गिऱ्हाईक चक्रावलं. "लोक काय करतात?"

"बरेचसे लपवतात. दोघातिघांनी राहू दिला."

"मग चांगलं काय?"

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला आणि खरोखर विचार करू लागले. गृहस्थ आरशात एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं वळून बघत होते. आतून बायकोनं विचारलं, "अहो, किती वेळ?"

"अगं थांब," मास्तर म्हणाले, "यांचं ठरतंय."